नेट बंद झालं की तुम्ही विचारता ते सगळे प्रश्न, एकाच जागी

कुठे मोर्चा निघाला, दगडफेक झाली, एखाद्या स्टेटसवरून गावात तणाव झाला, की त्याच रात्री मेसेज यायला लागतात. आमच्याकडे नेट गेलंय, कधी येणार, असं करता येतं का, आमच्या पैशाचं काय. दर वेळी वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं इथे लिहून ठेवलंय. वरचे प्रश्न साधे आहेत आणि खाली जाल तसे किचकट होत जातात. माझं मत जिथे आहे तिथे ते मी लपवलेलं नाही.

१. नेट बंद म्हणजे नक्की काय काय बंद होतं? कॉल लागतो का?

बहुतेक वेळा फक्त मोबाईल डेटा बंद होतो. रेंज दिसते, साधा कॉल लागतो, एसएमएस जातो-येतो, पण व्हॉट्सअ‍ॅप फिरत राहतं आणि पेमेंट होत नाही. घरात किंवा ऑफिसात वायरचं ब्रॉडबँड असेल तर ते बऱ्याचदा चालू असतं. हरियाणात निघालेल्या अनेक ऑर्डरींमध्ये मोबाईल डेटासोबत एकगठ्ठा एसएमएसही बंद केले होते, बँकेचे आणि रिचार्जचे मात्र सोडले होते.

यापेक्षा कडक प्रकार म्हणजे ब्रॉडबँडसकट सगळं बंद, आणि सगळ्यात कडक म्हणजे फोनसुद्धा बंद, जसं ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये झालं. अजून एक प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे स्पीड कमी करणं. कागदावर नेट चालू असतं पण टूजीवर, मग फोटो उघडायलाही मिनिटं लागतात.

एखादी वेबसाइट किंवा अ‍ॅप ब्लॉक करणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याला आयटी कायद्याचं कलम ६९ए लागतं, इथे त्याबद्दल बोलत नाहीये.

२. महाराष्ट्रात पण असं होतं का? मला वाटायचं हे फक्त काश्मीरमध्ये होतं.

होतं आणि बऱ्यापैकी होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती, मे २०२३ मध्ये अकोला, जून २०२३ मध्ये कोल्हापूर (तिथे सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून सुरू झालं होतं), सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीच्या घटनेनंतर सातारा, आणि मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना-बीडकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन जिल्ह्यांत एकदमच बंद केलं होतं.

देशाचं बघायचं तर 'अ‍ॅक्सेस नाऊ' ही संस्था जगभराची मोजदाद ठेवते. त्यांच्या हिशोबाने २०२३ मध्ये भारतात ११६ वेळा नेट बंद झालं, जगात सगळ्यात जास्त, आणि तेही सलग सहाव्या वर्षी. २०२४ मध्ये आकडा ८४ वर आला आणि ८५ वाला म्यानमार आपल्या एका पायरीने वर गेला. तिथे लष्कराची राजवट आहे. लोकशाही देश म्हणून आपण त्या यादीत कुठे उभे आहोत हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

३. ऑर्डर कोण काढतं? कलेक्टर काढू शकतो का?

राज्यात गृह खात्याचे सचिव, म्हणजे आपल्याकडे मंत्रालयातून अपर मुख्य सचिव (गृह), आणि केंद्रात केंद्रीय गृहसचिव. कलेक्टर किंवा एसपी मागणी करू शकतात, रिपोर्ट पाठवू शकतात, सही त्यांची चालत नाही. अगदीच घाई असेल तर आधीच अधिकार देऊन ठेवलेला सहसचिव किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारी ऑर्डर काढू शकतो, पण २४ तासांत वरून मंजुरी आली नाही तर ती ऑर्डर आपोआप संपते.

पूर्वी जमावबंदीचं कलम १४४ लावूनच नेट बंद करायचे. २०१७ मध्ये टेलिग्राफ कायद्याखाली वेगळे नियम आले, आणि आता दूरसंचार कायदा २०२३ चं कलम २० आणि त्याखालचे नोव्हेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. त्यामुळे कोणी जमावबंदीच्या ऑर्डरमध्येच एका ओळीत 'इंटरनेट बंद राहील' असं घुसडलं असेल तर ते बरोबर नाही.

४. किती दिवस बंद ठेवू शकतात?

एका ऑर्डरला जास्तीत जास्त १५ दिवस. पण १५ संपले की नवीन ऑर्डर काढता येते आणि गोची तिथेच आहे. मणिपूरमध्ये ३ मे २०२३ ला नेट बंद झालं, जुलैअखेर ब्रॉडबँड थोडंफार सुरू केलं, २३ सप्टेंबरला मोबाईल डेटा चालू झाला आणि तीनच दिवसांत परत बंद, मग थेट डिसेंबरपर्यंत. सगळे दिवस मिळून २०० च्या वर जातात. काश्मीरमध्ये सगळीकडे फोरजी यायला ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ उजाडला, म्हणजे दीड वर्ष. मधल्या काळात आधी काहीच नाही, मग जानेवारी २०२० पासून सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या साइट्स आणि त्याही टूजीवर. श्रीनगरची मुलं आणि नोकरीवाले नेट मिळावं म्हणून ट्रेनने बनिहालला जायचे, त्या गाडीला लोक इंटरनेट एक्सप्रेस म्हणायला लागले होते.

५. सुप्रीम कोर्टाने नेट हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय ना?

थोडं वेगळं सांगितलंय. 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या केसमध्ये १० जानेवारी २०२० ला निकाल आला. कोर्ट म्हणालं की इंटरनेटवरून बोलणं, लिहिणं आणि व्यवसाय करणं याला घटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे, म्हणजे नेटच्या माध्यमातून वापरला जाणारा हक्क मूलभूत आहे. नेट मिळणं हाच स्वतंत्र मूलभूत हक्क आहे का, यावर कोर्टाने मत दिलं नाही.

त्या निकालातले तुमच्या-आमच्या कामाचे मुद्दे असे की बेमुदत बंदी बेकायदा आहे, बंदी गरजेपुरतीच आणि दुसरा सौम्य उपाय नसेल तेव्हाच, आणि प्रत्येक ऑर्डर प्रसिद्ध झालीच पाहिजे म्हणजे लोकांना कोर्टात आव्हान देता येईल. इतकं सगळं चांगलं लिहूनही त्या दिवशी काश्मीरचं नेट चालू करा असा आदेश मात्र निघाला नाही, पुढचं वर्षभर तिथे बहुतेक भागात टूजीच होतं. हक्क कागदावर आला पण ज्यांनी दाद मागितली त्यांना तो तेव्हा मिळाला नाही, हे मला आजही खटकतं.

६. अफवा पसरून माणसं मरतात, त्यापेक्षा चार दिवस नेट बंद झालं तर काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणाऱ्याची काळजी खरी असते, म्हणून नीट उत्तर देतो.

अफवेने माणसं मरतात हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते म्हणून. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. पण तिथून शिकायचं काय? ते मेसेज आधी कितीतरी दिवस फिरत होते. त्या वेळी हवे होते ते गावोगाव खरं काय ते सांगणारे पोलीस, भोंगे लावलेल्या गाड्या, ग्रामपंचायतीची दवंडी आणि फॉरवर्ड करणाऱ्यांवर गुन्हे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाच जणांनाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, आणि त्यासाठी कोणाचंही नेट बंद करावं लागलं नाही.

दुसरं म्हणजे नेट बंद झाल्यावर अफवा थांबत नाही, ती तोंडी फिरते, फोनवर फिरते, पण ती खोडायची सोय मात्र जाते. पोलिसांनी ट्विट केलं, पत्रकाराने जागेवर जाऊन व्हिडिओ केला, तरी ते पोचणार कसं? यान रिडझाक या संशोधकाने भारतातल्या बंदीचा आणि हिंसाचाराचा दिवसागणिक अभ्यास केला, त्यात बंदीच्या काळात हिंसा कमी झाल्याचं दिसलं नाही, उलट हिंसक प्रकार वाढलेले दिसले.

आणि तिसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो. ४ मे २०२३ ला मणिपूरमध्ये महिलांची विवस्त्र धिंड काढली, त्याचा व्हिडिओ देशाने पाहिला १९ जुलैला. मधले अडीच महिने तिथे नेट बंद होतं. बंदीने अफवा अडवल्या असतील-नसतील, पण हा अत्याचार नक्की झाकून ठेवला.

७. धंद्याचं नुकसान किती होतं? आकडा आहे का कोणाकडे?

सरकारकडे नाही, हे आधी सांगतो. शशी थरूर अध्यक्ष असलेल्या संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की देशात किती वेळा नेट बंद झालं याची नोंदच दूरसंचार खातं किंवा गृह मंत्रालय ठेवत नाही. जिथे नोंदच नाही तिथे फायदा-तोटा कोण मोजणार.

बाकीच्यांनी काढलेले आकडे आहेत. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने त्याच समितीला सांगितलं की एका सर्कलमध्ये (म्हणजे साधारण एका राज्याएवढ्या भागात) तासाला २ कोटी ४५ लाखांचं नुकसान होतं, आणि हे फक्त कंपन्यांचं. इक्रिअर या दिल्लीच्या संस्थेने २०१२ ते २०१७ चा हिशोब काढला, १६,३१५ तासांची बंदी आणि साधारण ३०४ कोटी डॉलरचं नुकसान. काश्मीरच्या चेंबर ऑफ कॉमर्सने ऑगस्ट २०१९ नंतरच्या पहिल्या चार महिन्यांसाठी १७,८७८ कोटी रुपये सांगितले होते, अर्थात तेव्हा संचारबंदी आणि बाकीचे निर्बंधही होते त्यामुळे सगळं नेटच्या खात्यात टाकता येणार नाही.

पण माझ्या मते या मोठ्या आकड्यांपेक्षा खालचं बघा. आज भाजीवाली, वडापावची गाडी, रिक्षावाला, सगळ्यांकडे स्कॅनर आहे. गिऱ्हाईकाच्या खिशात रोख नसते आणि नेट गेलं की तो पुढे निघून जातो. भाजी उद्यापर्यंत टिकत नाही. डिलिव्हरीवाल्या पोराला ऑर्डरच येत नाही, त्याचा दिवस तिथेच संपला. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारा दिवसभर शटर उघडं ठेवून बसतो. मोठ्या कंपनीकडे लीज लाइन असते, घरून काम करणाऱ्याकडे वायफाय असतं. देशातल्या १०० इंटरनेट कनेक्शनपैकी ९५ च्या वर वायरलेस आहेत, म्हणजे मोबाईल डेटा बंद हा हलका उपाय वाटत असला तरी गरिबासाठी तीच पूर्ण बंदी असते.

८. रेशन आणि रोजगार हमीवर काय परिणाम होतो?

थेट होतो. रेशन दुकानात अंगठा लावायचं पॉस मशीन नेटवर चालतं. ते अडकलं की दुकानदार म्हणतो परवा या. परवा येण्यासाठी मजुरी बुडवावी लागते हे धोरण ठरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवर फोटो टाकून हजेरी सक्तीची केली होती, हजेरी चढली नाही की मजुरी अडकली. ह्यूमन राइट्स वॉच आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन यांनी २०२३ मध्ये राजस्थानसह काही राज्यांतल्या लोकांशी बोलून हे सविस्तर मांडलंय.

एकीकडे सरकार म्हणतं सगळं ऑनलाइन करा, दाखला ऑनलाइन, पीक पाहणी अ‍ॅपवर, आणि दुसरीकडे तेच नेट एका सहीवर बंद. दोन्ही एकत्र चालणार नाही. आधार-अंगठा सक्तीचा ठेवायचा असेल तर बंदीच्या दिवसांत वहीत नोंद करून धान्य द्यायची सोय ऑर्डरमध्येच लिहिली पाहिजे.

९. पेमेंटसाठी काही पर्याय आहे का?

आहे, कॉल चालू असेल तर. फोनवर स्टार ९९ हॅश डायल करा, हे नेटशिवाय चालणारं यूपीआय आहे, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात. साध्या फोनसाठीचं 'यूपीआय १२३ पे' पण आहे. पण दोन्हीची नोंदणी आणि पिन आधी करून ठेवा, बंदीच्या दिवशी सुरुवात करायला गेलात तर वैताग येईल. कार्ड मशीन सिमवर चालत असेल तर तेही बंद पडतं, काही एटीएमचंही तसंच. थोडी रोख घरात असू द्या, विशेषतः औषधं लागणारं कोणी असेल तर.

१०. परीक्षेसाठी नेट बंद करतात ते कायदेशीर आहे का?

माझं उत्तर नाही असं आहे, आणि कोर्टांचाही कल साधारण तिकडेच दिसतो. कायद्यात बंदीसाठी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षा लागते. कॉपी होईल ही भीती त्यात कशी बसणार? मार्च २०२२ मध्ये पश्चिम बंगालने माध्यमिक परीक्षेसाठी काही भागांत नेट बंद केलं, कलकत्ता हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडने भरती परीक्षेसाठी आधी मोबाईल डेटा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी ब्रॉडबँडपण, तेव्हा हायकोर्ट रविवारी बसलं, सरकारला कडक शब्दांत सुनावलं, नेट चालू करायला लावलं आणि आमच्या परवानगीशिवाय परीक्षेच्या नावाखाली असं करायचं नाही असं बजावलं.

उपयोग होतो का, तर राजस्थानची रीट परीक्षा, म्हणजे तिथली शिक्षक पात्रता परीक्षा, बघा. २६ सप्टेंबर २०२१ ला अनेक जिल्ह्यांत नेट बंद करून घेतली. पेपर तरीही फुटला, तो जयपूरच्या शिक्षण संकुलातून बाहेर गेला होता, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लेव्हल दोनची परीक्षा रद्द करावी लागली. पेपर आतल्या माणसाने फोडला आणि नेट बाहेरच्या सगळ्यांचं बंद. एमपीएससी-पोलीस भरतीच्या तयारीत वर्षं घालवणाऱ्या आपल्या पोरांनी तर या उपायाला टाळ्या अजिबात वाजवू नयेत.

११. मी पुण्यात आहे (किंवा परदेशात), आई-बाबा गावाला एकटे आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाहीये. काय करू?

साधा कॉल लावा. खूप जणांना हे सुचतच नाही कारण सवय व्हॉट्सअ‍ॅपची झालीय. परदेशातून असाल तर इंटरनॅशनल कॉलिंगचा बॅलन्स आधीच ठेवा. शेजाऱ्याचा आणि जवळच्या मेडिकलवाल्याचा नंबर कागदावर लिहिलेला असू द्या. ११२ आणि १०८ हे साध्या कॉलवरच चालतात, त्यामुळे फक्त डेटा बंद असेल तर तेही चालतात. हॉस्पिटलमध्ये जायची वेळ आली तर रिपोर्ट फोनमध्ये न ठेवता छापील फाइल जवळ असावी. पैशाबद्दल प्रश्न ९ मध्ये आहे.

१२. व्हीपीएन टाकलं तर चालेल? किंवा दुसऱ्या जिल्ह्यातलं सिम?

व्हीपीएन म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत नेट वापरायची सोय. डेटाच बंद असेल तर तिचा काही उपयोग नाही, ते चालायला आधी नेट लागतं. फक्त काही साइट्स बंद असतील तेव्हा ते चालतं, पण जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत व्हीपीएन वापरण्यावरच बंदीचे आदेश निघालेले आहेत, तेव्हा आधी तिथला आदेश वाचा. सिमचा पण फायदा नाही, कारण बंदी त्या भागातल्या टॉवरवर होते, तुमचं सिम कुठलं आहे यावर नाही.

याची उलटी बाजू म्हणजे हद्दीवरची गावं. तुमचं गाव ऑर्डरमध्ये नाही, पण फोन शेजारच्या जिल्ह्यातला टॉवर पकडतो, मग तुमचंही नेट जातं. अशा वेळी कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार नंबर जपून ठेवा.

१३. माझे रिचार्जचे दिवस वाया गेले, भरपाई मिळेल का?

बंदीच्या नियमांमध्ये भरपाईची तरतूदच नाही. कंपनी म्हणते सरकारचा आदेश होता, सरकार म्हणतं सुरक्षेसाठी होतं. मला हे अन्यायाचं वाटतं, निदान तितके दिवस व्हॅलिडिटी वाढवून द्यायला कोणाचं काही जात नाही.

१४. ऑर्डर बरोबर आहे की नाही हे कोण तपासतं?

एक समिती असते. राज्यात मुख्य सचिव अध्यक्ष, सोबत विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव. पाच दिवसांत त्यांनी ऑर्डर तपासायची. म्हणजे सरकारची ऑर्डर सरकारचेच अधिकारी तपासणार, आणि तोवर बहुतेक बंद्या संपलेल्या असतात. प्रश्न ७ मधल्या संसदीय समितीने सुचवलं होतं की निवृत्त न्यायाधीश, स्थानिक खासदार, बाहेरचे जाणकार लोक यात घ्या. नवे नियम आले तरी ते झालेलं नाही.

१५. आमच्या तालुक्यात नेट बंद होतं पण ऑर्डर कुठे दिसलीच नाही. ती मागता येते का?

मागता येते आणि मागाच. नियमाप्रमाणे ऑर्डर लेखी हवी, कारणासकट हवी, कुठला भाग आणि कधीपासून कधीपर्यंत हे त्यात हवं, आणि ती प्रसिद्ध झालेली हवी. आधी गृह विभागाची आणि जिल्ह्याची वेबसाइट बघा. नसेल तर मंत्रालयातल्या गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. मागा काय, तर ऑर्डरची प्रत, तपासणी समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि घाईत काढलेली असेल तर २४ तासांतली मंजुरी. एकट्याने टाकण्यापेक्षा व्यापारी संघटना, वकील संघ किंवा पत्रकार संघाच्या माणसाने टाकला तर पाठपुरावा नीट होतो. आपल्याकडे लोक नेट आलं की विषय सोडून देतात, त्यामुळे पुढच्या वेळी सही करणाऱ्याला कोणी काही विचारेल अशी धास्तीच राहत नाही.

१६. नेट बंद असताना फॉर्मची शेवटची तारीख गेली. आता काय?

आपोआप मुदतवाढ मिळेल असा कुठलाही सरसकट नियम नाही, पण मागितली तर मिळू शकते. २०१९ मध्ये काश्मीरच्या मुलांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात फॉर्म भरायला कॉम्प्युटर लावून दिले होते आणि जेईईच्या अर्जाला तिथल्या मुलांसाठी मुदत वाढवून दिली होती. त्यामुळे मागणी जगावेगळी नाही.

नेट आल्याआल्या त्याच दिवशी त्या संस्थेला ईमेल करा आणि स्पीड पोस्टने पत्रही टाका. बंदीच्या ऑर्डरची प्रत जोडा (नसेल तर प्रश्न १५, पण तोवर थांबू नका, त्या दिवशीच्या पेपरमधलं कात्रण लावा). तुमचा पत्ता त्या भागातला आहे याचा पुरावा लावा. फोनवर तारीख-वेळेसकट 'नो इंटरनेट'चा स्क्रीनशॉट असेल तर तोही. एकाच गावातले पाच-दहा उमेदवार असतील तर एकत्र सही करून पाठवा. आणि जिल्ह्याच्या आमदार-खासदारांकडे त्या पत्राची प्रत द्या, ऑफिसचा शिक्का मारून पोच घ्या.